पश्चिमेचा वारा आणि पहाटेचे तीन तास: पूर्णेच्या मुलखात उन्हाळी सायकल

मे महिन्याच्या मध्याला, साधारण १६-१७ तारखेला, पूर्णा जंक्शनच्या बाहेर उभ्या असलेल्या विजेच्या खांबाची सावली दुपारी बारा वाजून अठरा मिनिटांच्या सुमारास खांबाच्या बुडातच जिरते. पूर्णा गाव १९ अंश अक्षांशाच्या किंचित उत्तरेला आहे आणि त्या दिवशी सूर्य बरोबर त्याच्या माथ्यावर येतो. बाराऐवजी बारा-अठराला येतो, कारण आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेले आहे आणि पूर्णा त्याच्या साडेपाच अंश पश्चिमेला. याच दिवसांत इथे सूर्य पावणेसहाच्या आसपास उगवतो, पण त्याच्या वीस-बावीस मिनिटे आधीच रस्त्यावरचा खड्डा नीट दिसू लागतो. म्हणजे पाच-वीसला घर सोडणाऱ्या सायकलवाल्याला साडेआठपर्यंत तीन तासांहून अधिक वेळ मिळतो. बेताच्या वेगाने, मधे एकदा चहाला थांबून, त्यात चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर सहज होतात. पुढचा दिवस उन्हाचा. त्यात आपला वाटा नाही, हे एकदा मान्य केले की मराठवाड्याचा उन्हाळा सायकलीसाठी खुला होतो.

सायकलीचा हंगाम म्हणजे दिवाळी ते संक्रांत आणि उन्हाळा म्हणजे दार लोटून बसण्याचा काळ, असे आपल्याकडे बहुतेकजण धरून चालतात. मला ते पटत नाही. हिवाळ्यात पहाटे अंधार लांबतो, ऊसतोडीच्या गाड्या आणि ट्रॅक्टर रस्ता अडवतात. पावसाळ्यात काळी माती चाकाला सोडत नाही. उन्हाळ्यात मात्र पाणंद रस्ते कोरडे असतात, रान मोकळे असते, नजर लांबवर जाते, ओढे सायकल हातात धरून ओलांडता येतात, आणि वारा कधी व कुठून येणार याचा अंदाज दुसऱ्या कुठल्याही ऋतूपेक्षा चांगला बांधता येतो. शिवाय ‘उन्हाळा’ या एका नावाखाली इथे तीन-चार वेगवेगळी हवामाने येऊन जातात. हे प्रकरण त्यांच्याविषयी आणि त्यांतून मौजेसाठी सायकल चालवण्याविषयी आहे.

आधी मुलूख. पूर्णा हे रेल्वेचे गाव. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज लाईन १९०० च्या आसपास इथून गेली, पुढे हिंगोलीकडे फाटा निघाला आणि गाव जंक्शन झाले. तो फाटा आता ब्रॉडगेज होऊन वाशीममार्गे अकोल्याला जातो. पश्चिमेला परभणी, पूर्वेला नांदेड, दोन्ही रेल्वेने तीसेक किलोमीटरवर. उत्तरेला वीसेक किलोमीटरवर वसमत. गावाला नाव देणारी नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांत अडते, आणि गावाच्या खालच्या अंगाला, कंठेश्वरला गोदावरीत मिळते. दक्षिणेला ताडकळस, धानोरा काळे, गोदावरी आणि पलीकडे पालम. गंगाखेडच्या बाजूला बालाघाटाचे डोंगर दिसू लागतात, तर उत्तरेला औंढा नागनाथाभोवती अजिंठ्याच्या रांगेचे पूर्वेकडे पसरत आलेले फाटे उभे आहेत. या दोन चढांच्या मधला पट्टा म्हणजे गोदावरी आणि पूर्णेची काळीभोर, जवळजवळ सपाट जमीन. सायकल शिकणाऱ्याला याहून मऊ मुलूख मिळणे अवघड, आणि मुरलेल्याला चढ हवा असेल तर तोही एका सकाळच्या अंतरावर आहे.

रेल्वेच्या गावात सायकल नवी नाही. हँडलला डबा अडकवून ड्युटीवर जाण्याची ती पिढ्यान्‌पिढ्यांची सोय होती. नुसत्या हौसेसाठी, कुठेही पोचायचे नसताना सायकल चालवणे हे मात्र अलीकडचे. नांदेड-परभणीच्या रस्त्यांवर आता भल्या पहाटे गिअरच्या सायकली दिसतात, आणि त्यांत डॉक्टर, शिक्षक, दुकानदार सगळे असतात. रस्त्याकडेला भेटलेला शेतकरी त्यांना हमखास विचारतो, ‘सायकलीवर कशाला, गाडी बिघडली का?’ प्रश्न मायेचा असतो, आणि त्याचे उत्तर देता देता निम्म्या ओळखी होतात.

आता हवेकडे येऊ. परभणीचा मे महिन्यातला दुपारचा पारा ४१-४२ अंशांच्या घरात असतो आणि तापलेल्या वर्षी त्याच्याही वर जातो. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे; तिथल्या हवामान नोंदी वर्तमानपत्रात येतात तेव्हा सगळ्यांचे लक्ष कमाल आकड्याकडे जाते. सायकलवाल्याने किमान आकडा पाहावा. एप्रिलमध्ये तो बहुधा २३ ते २६ असतो. दिवस आणि पहाट यांच्यात पंधरा-सोळा अंशांचे अंतर पडते ते हवा कोरडी असल्यामुळे. बाष्प आणि ढग नसले की दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता मोकळ्या आकाशात टाकून देते. कोकणात असे होत नाही; तिथे बाष्प ती उष्णता धरून ठेवते, आणि ३३ अंशांच्या दिवसानंतर २७ अंशांची पहाट येते. पहाटे पाचला कधी कधी रत्नागिरीपेक्षाही पूर्णा गार असते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते.

पहाटेची हवाही सगळीकडे सारखी नसते, आणि हे फक्त सायकलीवरच कळते. गार हवा जड असते, ती रात्रभर सखल जागी उतरून साचते. पूर्णेच्या पुलावर येताना रस्ता नदीच्या पातळीकडे उतरतो तेव्हा दंडाला एकदम गारवा लागतो आणि पलीकडचा चढ चढताच तो सुटतो. धरणांच्या कालव्याने भिजणाऱ्या वसमतच्या बाजूला ऊस आणि केळीच्या बागांच्या कडेने जाताना तोच अनुभव येतो, कारण पानांतून बाहेर पडणारे पाणी वाफ होताना भोवतालची उष्णता खाते. मोटारसायकलवर वेगामुळे हे फरक पुसले जातात आणि पायी चालताना ते फार सावकाश येतात.

उन्हात सायकल चालवताना शरीरात काय होते ते थोडे आकड्यांत पाहू. सपाट डांबरी रस्त्यावर, वारा नसताना, सरळ बसून ताशी २० किलोमीटरने जायला साधारण ९० ते १०० वॅट शक्ती पायडलवर लागते. पण स्नायू फार काटकसरी नाहीत. अन्नातल्या ऊर्जेचा चौथा-पाचवा हिस्साच गतीत येतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे १०० वॅट पायडलला गेले की तीनशेहून अधिक वॅट अंगात तापत राहतात. हवा २५ अंशांची असते तोवर यातली बरीच उष्णता अंगावरून वाहणारी हवाच घेऊन जाते, कारण कातडीचे तापमान ३३ ते ३५ अंश असते. हवा ३५ च्या वर गेली की हा व्यवहार उलटतो. वाराच अंगाला तापवू लागतो. मग एकच मार्ग उरतो, घामाची वाफ. एक लिटर घाम कातडीवरून पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. आपले तीनशे वॅट बाहेर टाकायला तासाला अर्धा लिटर घाम लागतो, आणि वरून ऊन व तापलेल्या डांबराची झळ धरली तर त्याच्या दुप्पट.

इथे कोरड्या उन्हाळ्याचा एक मोठा फायदा आणि एक तेवढाच मोठा धोका आहे. फायदा असा की घाम लगेच वाळतो, म्हणजे पूर्ण कामी येतो. हवामानशास्त्रज्ञ ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक वापरतात. बाष्पीभवनाने हवा किती अंशांपर्यंत गार करू शकते ते त्यावर कळते. हवा ४२ अंशांची आणि आर्द्रता २० टक्के असेल तर तो सुमारे २४ दाखवतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस दारात आलेला असताना, हवा ३४ अंशांची आणि आर्द्रता ६५ टक्के असते, तेव्हा तोच तापमापक २८ च्या वर जातो. म्हणजे साधा पारा आठ अंशांनी उतरला तरी शरीराला उष्णता टाकणे जास्त कठीण झाले. मे महिन्यात जो रस्ता सहज झाला तोच मृगाच्या तोंडावर जीव घेतो, अशी तक्रार सायकलवाले करतात तिचे कारण हे. चूक पायांची नसते. त्या आठवड्यात वेग कमी करावा, अंतर निम्मे करावे.

कोरड्या हवेचा धोका असा की घाम गेलेला कळतच नाही. शर्ट ओला होत नाही, फक्त पाठीवर आणि टोपीच्या पट्ट्यावर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात. तासाभरात एक लिटर पाणी अंगातून जाते आणि तहान मात्र उशिरा लागते. म्हणून उन्हाळ्यात पाणी घड्याळ पाहून प्यावे, दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट. नुसते पाणीच ढोसत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होऊन डोके दुखणे, मळमळ, गळून जाणे सुरू होते, तेव्हा मीठही हवे. घरचे सूत्र सोपे आहे: लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. आपल्या स्वयंपाकघरात हे शास्त्र आधीपासून वेगवेगळ्या चवींनी आहेच. मीठ-जिऱ्याचे ताक, कैरीचे पन्हे, गूळ आणि पाणी. परतीच्या वाटेवर फाट्यावरच्या रसवंतीत आले-लिंबू पिळलेला उसाचा रस मिळतो, त्यात चिमूटभर मीठ घालून घेतले तर बाजारातल्या कुठल्याही महागड्या पुडीची गरज राहत नाही, असे माझे ठाम मत आहे. नदीकाठच्या टरबुजांचा ढीग रस्त्याकडेला लागलेला असतो तेव्हा तर थांबलेच पाहिजे.

शरीर उन्हाला सरावते, पण त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातले मीठ कमी होते. म्हणून हिवाळाभर घरी बसून थेट एप्रिलच्या उन्हात साठ किलोमीटरला निघणे धोक्याचे. होळीपासून थोडे थोडे वाढवत नेलेले बरे. आणि सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, सरळ रेषेत चालवेना, तर तो थकलेला नसून त्याला उष्माघात होतो आहे असेच समजावे. सावलीत घ्यावे, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा आणि लगेच १०८ ला फोन करावा. पाणी ओतण्यात गेलेली पहिली काही मिनिटेच जीव वाचवतात. गाडी येण्याची वाट पाहत बसू नये.

उन्हापेक्षाही सायकलवाल्याचा दिवस ठरवतो तो वारा. पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असल्यामुळे वरच्या वाहत्या हवेशी मिसळत नाही, म्हणून खाली शांतता असते. सूर्य चढतो, जमीन तापते, हवा खालीवर घुसळू लागते आणि वरचा वेगवान वारा खाली उतरतो. नऊ-दहाच्या सुमारास झाडांचे शेंडे हलू लागतात, दुपारी धुळीच्या वावटळी उठतात. एप्रिल-मेमध्ये हा वारा या भागात मुख्यतः पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतो.

वाऱ्याची किंमत किती ते पाहण्यासारखे आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शांत हवेत ताशी २० किलोमीटरला ९० वॅट लागत असतील तर समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा आल्यावर तोच वेग टिकवायला १९० वॅटच्या पुढे जावे लागते. तेवढी ताकद हौशी माणूस फार वेळ लावू शकत नाही. त्याने आपली ९० वॅटची चालच ठेवली तर वेग ताशी १३ वर येतो. सपाट रस्त्यावर, कुठेही चढ दिसत नसताना, घाट चढल्यासारखे पाय भरतात आणि मन खट्टू होते, कारण डोळ्याला दिसेल असे कारणच समोर नसते.

म्हणून पूर्णेच्या सायकलवाल्याने दिशा निवडताना साधे गणित करावे. पहाटे शांत हवेत पश्चिमेकडे, परभणीच्या बाजूला जावे. ऊन पाठीवर येते, डोळ्यांत जात नाही. परतताना वारा सुटू लागलाच तर तो पाठीशी असतो. साडेआठला गाव गाठणे सोपे जाते. नांदेडच्या दिशेला गेलात तर उलटे होते: जाताना उगवता सूर्य डोळ्यांवर आणि येताना, थकल्यावर, वारा छातीवर. नांदेडला जायचेच असेल तर सायकल परत चालवत न आणता गाडीच्या लगेजमध्ये टाकून आणावी. जंक्शनच्या गावात राहण्याचा एवढा लाभ घ्यायलाच हवा. वाऱ्याबरोबर एकेरी जाऊन रेल्वेने परतणे ही सायकलीची चैन आहे. हवा तापली की विरळही होते. पूर्णेच्या उंचीवर मेच्या दुपारची हवा डिसेंबरच्या पहाटेपेक्षा सुमारे दहा टक्के हलकी असते, तेवढा अडथळा कमी. पण त्या दुपारी कोणी बाहेर पडू नये, म्हणून हा फायदा कागदावरच राहू द्यावा.

आता चाकाखाली काय आहे ते पाहू. इथली जमीन सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हाचे थर झिजून बनलेली काळी कापसाची माती आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिलमध्ये पडलेल्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, काही ठिकाणी त्या मीटरभर खोल जातात. हीच माती डांबरी रस्त्यालाही स्वस्थ बसू देत नाही. खालून ती वर्षातून एकदा फुगते, एकदा बसते, आणि वरचा रस्ता लाटांसारखा होतो. चारचाकीत ते गचके म्हणून जाणवते. सायकलीवर लय सापडली तर त्यात गंमत आहे, उतारावर घेतलेला वेग पुढच्या उंचवट्यावर खर्च करायचा.

पाणंद रस्त्यांची मजा वेगळीच. उन्हाळ्यात त्या वाटांवर बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दगडासारख्या घट्ट झालेल्या असतात. दोन चाकोऱ्यांमधल्या उंच पट्ट्यावरून जावे, चाकोरीत उतरलात तर पायडल काठाला घासते. रुंद टायर, हवा थोडी कमी. आणि बाभळीचा काटा हा या मुलखातल्या सायकलीचा खरा शत्रू. कुंपणासाठी बाभळीचे फास ओढून नेताना वाटभर काटे सांडतात आणि वाळून खिळ्यासारखे टणक होतात. गावाभोवतीच्या पडीक जागेतल्या वेड्या बाभळीचा काटा त्याहून चिवट. त्यामुळे जास्तीची ट्यूब, पंप आणि पंक्चरचे सामान जवळ असल्याशिवाय पाणंदीत शिरू नये. काटा काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून दुसरे टोक राहिले नाही ना ते पाहावे. नव्या ट्यूबमध्येही पाच मिनिटांत पुन्हा हवा जाते ती बहुधा या आळसापायी. उन्हाने टायर फुटतात असे म्हणतात त्यात फारसे तथ्य नाही. पहाटे २७ अंशांना ५० पौंड हवा भरली आणि टायर ५७ अंशांपर्यंत तापले तरी दाब सहा-सात पौंडांनीच वाढतो. उन्हात सुटते ते जुन्या पंक्चरवरचे सोल्युशन. सायकल उभी करताना चाके सावलीत राहतील एवढे पाहिले की पुरते.

उत्तरेचा वसमतचा रस्ता मला सगळ्यांत श्रीमंत वाटतो. वसमतची हळद प्रसिद्ध, २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. फेब्रुवारी ते एप्रिल हा हळद काढण्याचा आणि शिजवण्याचा काळ. शेतात पहाटेपासून वाफेवर हळद शिजत असते आणि तिचा मातकट, गोडसर वास वाऱ्याबरोबर रस्त्यावर येतो. शिजवलेली हळद पुढे दोन आठवडे उन्हात वाळते. मोकळ्या जागांवर पिवळे पट्टेच्या पट्टे पसरलेले दिसतात. ज्या उन्हाला आपण टाळतो त्याच्यावर या मालाची प्रत ठरते. मार्चमधल्या अवेळी पावसाने वाळवण भिजले तर रंग उतरतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर झालेली गारपीट अजून लोकांच्या बोलण्यात येते.

वसमतपासून औंढा नागनाथ तीसेक किलोमीटर. पहिला बराच भाग सपाट, मग माती उथळ होते, मुरूम वर येतो, झाडांची जात बदलते आणि डोंगर समोर येतात. फेब्रुवारीच्या अखेरीस इथे पळस पेटलेला असतो. एप्रिल-मेमध्ये बहाव्याचे पिवळे घोस लोंबतात. चढाचे गणित वाऱ्यापेक्षा वेगळे असते. सायकलसकट ८५ किलो वजन सहा टक्के चढावर न्यायचे तर आपल्या ९० वॅटमध्ये वेग ताशी सहाच्याही खाली येतो, जवळजवळ पायी चालण्याचा. इथे सुटणाऱ्या उष्णतेला न्यायला वाराही मिळत नाही, कारण आपला आपण निर्माण केलेला वारा वेगाबरोबर संपलेला असतो. म्हणूनच उन्हाळ्यात चढ सकाळी सातच्या आत संपवावा. उतरून सायकल ढकलत नेण्यात कमीपणा काही नाही. वर यादवकाळातले नागनाथाचे मंदिर आहे. तिथून उतरताना मात्र ब्रेक सतत दाबून धरू नयेत, दाबावेत आणि सोडावेत, रिम तापते.

एप्रिल-मेच्या संध्याकाळी आणखी एक हवामान भेटते, वळवाचा पाऊस. दिवसभर तापलेली हवा वर चढते, थोडे बाष्प मिळाले की दुपारी तीननंतर ढगांचे मनोरे उभे राहतात. पाऊस पडू लागला की त्याचा थंड झोत ढगाखालून जमिनीवर आदळून चहूकडे पसरतो. म्हणून पावसाच्या आधी धुळीची भिंत येते, वारा क्षणात दिशा बदलतो आणि पारा बघता बघता आठ-दहा अंशांनी उतरतो. त्या गारव्यासाठी सायकल काढण्याचा मोह मला समजतो. पण मोकळ्या सपाट रानात सायकलवर बसलेला माणूस हा आसपासचा उंच बिंदू असतो, आणि मराठवाड्यात दरवर्षी वीज पडून माणसे आणि जनावरे दगावतात. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे, थांबायचे. रबरी टायर वाचवतात ही समजूत खोटी आहे. एकट्या झाडाखाली उभे राहू नये. शाळा, देऊळ, पक्के घर, एसटी, बंद मोटार यांचा आसरा घ्यावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच राहावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप आसपास वीज पडते आहे का ते दाखवते. संध्याकाळी निघणाऱ्याच्या फोनमध्ये ते असावेच.

काही माणसांना पहाटेच्या एवढ्याशा फेऱ्यांनी भागत नाही. मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा ऑक्टोबर १९२३ मध्ये सोबत्यांसह सायकलवर निघाले आणि १९२८ मध्ये जग फिरून परतले; वाटेत त्यांनी पश्चिम आशियातली वाळवंटे पार केली, तीही गिअर नसलेल्या जड सायकलींवर. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत जूनमध्ये होते आणि तिचा सुरुवातीचा भाग तापलेल्या वाळवंटातून जातो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती २०१५ मध्ये जोडीने, आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने पूर्ण केली. त्यांच्याइतके जमणार नाही अशांसाठी ब्रेव्हे आहे: साडेतेरा तासांत २०० किलोमीटर, कोणाशी स्पर्धा नाही, फक्त वेळेत पोचायचे. पूर्णेच्या मुलखात महिनाभर पहाटे फिरलेल्या माणसाला ते अवघड नाही, एवढेच मी खात्रीने सांगेन.

रोहिण्या संपत येतात तशी सकाळ बदलते. पावशाची हाक पहाटेपासून सुरू होते, पश्चिमेचा वारा रात्रीही थांबत नाही, ढग खालून वाहत येतात आणि पाचला निघालो तरी शर्ट अंगाला चिकटतो. मराठवाड्यात मोसमी पाऊस साधारण १० जूनच्या सुमारास पोचतो. पहिले दोन मोठे पाऊस झाले की पाणंद रस्ते बंद झाले असे समजावे. फुगलेली माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये भरते, शंभर पावलांत चाक फिरेनासे होते, आणि काडीने ती काढता काढता सकाळ जाते. त्याच दिवसांत पेरण्या सुरू होतात. वाटेवर औत-बैलांचा आणि ट्रॅक्टरचा हक्क पहिला. सायकल डांबरावर ठेवावी.

नेमक्या याच वेळी पालम तालुक्यातल्या जांभूळबेटावर जांभळे पिकलेली असतात. गोदावरीच्या पात्रातले हे बेट, जांभळीची जुनी झाडे आणि मोरांचे ओरडणे. पूर्णेहून ताडकळस, धानोरा काळेचा पूल, मग पालमकडे, असा दक्षिणेचा रस्ता. पावसाचे दिवस लागल्यावर वारा बाजूने येतो, जाताना उजव्या अंगाला आणि येताना डाव्या, म्हणजे दोन्ही वेळा सारखाच त्रास आणि सारखीच सोय. नदीकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटेवर सायकल न नेता ती गावात कोणाच्या तरी ओसरीला लावावी, पुढे चालत जावे, आणि नदीला पाणी चढलेले दिसले तर काठावरूनच बेट पाहून परत फिरावे.